‘शूटआउट अ‍ॅट वडाला’ कितपत खरा आहे?

‘शूटआउट अ‍ॅट वडाला’मधील मुंबईचा गुंड मन्या सुर्वे याची कहाणी कितपत खरी आहे आणि हा चित्रपट महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला दाखवावा का, असे आपण विचारले आहे. सांगाडा खरा आहे. कीर्ती महाविद्यालयात शिकलेला मनोहर ऊर्फ मन्या सुर्वे १९६९च्या एका खुनाबद्दल जन्मठेप भोगण्यासाठी येरवड्यास आला, रत्नागिरीस हलवल्यावर १९७९ साली तेथील रुग्णालयातून निसटला आणि ११ जानेवारी १९८२ रोजी वडाळ्यात आंबेडकर महाविद्यालयाजवळ इसाक बागवान व राजा तांबट या पोलीस अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी मारला गेला. नावे मात्र बदलली आहेत, जसे दाऊद पडद्यावर दिलावर झाला आहे. खोटा आहे तो या सांगाड्यावर चढवलेला कैवार.

२०१३ साली हा चित्रपट लागला तेव्हा थोरल्या बहिणीच्या यजमानांनी हौसेने आम्हा सर्वांना कॅम्पातील चित्रपटगृहात नेले. माझे वडील येरवडा कारागृहाच्या कचेरीतून निवृत्त झालेले. मन्या झालेला जॉन अब्राहम पडद्यावर आला की मागच्या रांगांतून शिट्ट्या पडत आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी आमचे भावजीही त्यांत सामील होत. नंतर अमृततुल्यात चहा घेताना ते म्हणाले, “मामा, शिकलेल्या मुलावर अन्याय झाला म्हणून तो बिघडला. तुमच्या येरवड्याने वाघ घडवला!” वडिलांनी बशी खाली ठेवली आणि एवढेच विचारले, “ज्याच्या खुनाची ही जन्मठेप, त्याचं नाव काय हो, जावईबापू?” भावजींना संवाद तोंडपाठ झाले होते, ते नाव सांगता येईना. तेव्हापासून ‘मामांना सिनेमा कळत नाही’ हे त्यांचे पालुपद वडील गेल्यानंतरच्या दिवाळीतही चालूच होते.

वडिलांना सिनेमा उत्तम कळत होता. गुंडाच्या हातून पहिला खून कसा नाइलाजाने घडला हे रंगवून सांगणारे दिग्दर्शक मेलेल्याच्या घरात कॅमेरा नेत नाहीत, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. वडील हिशेबाच्या टेबलावर असल्याने कैद्यांशी त्यांचा थेट संबंध येत नसे, हेही सांगितले पाहिजे. शिवाय पोलिसांनी न्यायालयाऐवजी रस्त्यावर निकाल लावावा, असेही माझे म्हणणे नाही. पोलीस अधिकारी झालेल्या अनिल कपूरचे काम चांगले आहे.

मुलाला चित्रपट जरूर दाखवा. मात्र १९६९ साली मेलेल्या माणसाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही, ते त्यालाच शोधू द्या. आमचे भावजी हे वाचत असतील, तर त्यांनीही शोधावे.