गावातल्या माणसांशी बोलायचं की पुढे पळायचं?

प्रश्न: सध्या मी १९९५ चा क्रोनो ट्रिगर हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोय. लढाया एकदम भारी आहेत, पण गावातले लोक बोलायला लागले की मी बटण दाबून पटापट पुढे जातो. मित्र म्हणतो अर्धा गेम वाया घालवतोयस. खरंय का? – एक वाचक, सातारा

उत्तर: मित्राचं ऐक रे. सुरुवातीची जत्रा आठवते ना, मार्ल नावाची मुलगी येऊन धडकते आणि तिचं लॉकेट पडतं, तेव्हा तू आधी तिची विचारपूस केलीस की लॉकेट उचललंस? टेबलावरचा कुणाचा तरी डबा खाल्लास का, त्या छोट्या मुलीचं हरवलेलं मांजर आणून दिलंस का? कारण पुढे कोर्टात तुझ्यावरच खटला उभा राहतो आणि हीच माणसं साक्षीला येतात, डबेवाले आजोबासुद्धा! निकाल काहीही लागला तरी तुरुंगात जावंच लागतं, म्हणजे स्टोरीत फार फरक पडत नाही, पण मी डबा खाल्ला होता आणि ते आजोबा समोर उभे राहिल्यावर मला खरंच लाज वाटली, आणि असं कुठल्याच बॉसफाइटने, म्हणजे मोठ्या शत्रूशी झालेल्या लढाईने, मला कधी वाटायला लावलं नाही.

पुढे तुझ्या सोबतचा यंत्रमानव रोबो ४०० वर्षं एकटा राबून वाळवंटाचं जंगल करतो, मग रात्री सगळे शेकोटीभोवती बसून नुसत्या गप्पा मारतात. तो सीन प्लीज स्किप करू नकोस, तुझ्या टोळीतल्या लुकासाठी तरी. का ते सांगत नाही.

हा गेम संपला की फायनल फँटसी ६ घे, १९९४ चा. त्यात सायन नावाच्या योद्ध्याची बायको आणि मुलगा विषप्रयोगात जातात. नंतर तोच माणूस डोंगरावर एकटा बसून एका अनोळखी मुलीला तिच्या मेलेल्या प्रियकराच्या नावाने पत्रं लिहीत असतो, तिची आशा तुटू नये म्हणून. आधी मारांडा गावात जाऊन त्या मुलीशी बोलला नसशील तर ती पत्रं वाचताना काहीच हलणार नाही आत.

आणि एक कर, मोठं काही घडलं की जुन्या गावात परत चक्कर मार, बऱ्याच जणांचं बोलणं बदललेलं असतं. सोबतचे मेंबरही बदलत राहा, क्रोनो ट्रिगरमध्ये एकाच प्रसंगात कोण सोबत आहे त्यावर वेगळे डायलॉग येतात.