ढकलगाडीवरची बाहुली चालल्यासारखी दिसते, ती कशी? घरी करता येईल का?

नक्की करता येईल. सगळी करामत चाकांच्या आसात आहे. ३ मिमी तारेच्या आसाला दोन वाक द्या, प्रत्येक २ सेंमी खोल आणि एकमेकांच्या बरोबर उलट दिशेला. दोन्ही एकाच बाजूला आले तर बाहुली चालत नाही, उड्या मारते. चाकं १० सेंमी व्यासाची घ्या, म्हणजे आस जमिनीपासून ५ सेंमीवर येतो. कंबरेचा खिळा आसाच्या थेट वर, ८ सेंमीवर. पाय ६ मिमी प्लायवुडचे, खिळ्यापासून १२.५ सेंमी लांब. पाऊल जमिनीला टेकता कामा नये. खिळ्यापासून ५.८ ते १०.२ सेंमीपर्यंत ४ मिमी रुंद खाच कापून तारेचा वाक त्यातून ओवा. चाकं त्यानंतरच बसवा.

यातली खरी गंमत बघा: वाक खाली असताना पाय सावकाश मागे जातो, वर असताना झटकन पुढे येतो. माणसाची चाल अशीच दिसते, म्हणून खिळा आसाच्या खाली कधीच घेऊ नका.

एक चाक आसाला पक्कं चिकटवा, दुसरं मोकळं ठेवा. दोन्ही पक्की केली तर वळताना घासतात. गुळगुळीत फरशीवर चाक घसरलं की पाय थांबतात, तेव्हा पक्क्या चाकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा. घागरा जमिनीपासून ८ सेंमी वरच संपवा, नाहीतर तारेत गुंडाळला जातो.