तेलाचं बिल

प्रश्न: मी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात काम करते. सिस्टर म्हणून तात्पुरती व्रतं घेऊन चार वर्षं झाली, पुढच्या वर्षी कायमची घ्यायची आहेत. किचनचा हिशेब माझ्याकडे असतो. दिवाळीच्या सुट्टीआधी २,१०० रुपयांचा मेळ बसेना. संशय स्वयंपाकाच्या मावशींवर गेला आणि मदरनी त्यांना झाडलोटीला लावलं. महिन्याभराने तेलाचं बिल माझ्याच प्रार्थनापुस्तकात निघालं. पैसे मीच दिले होते, नोंद करायची राहिली होती. मी फादरांजवळ पापनिवेदन (कन्फेशन) केलं, त्यांनी क्षमा दिली. रोज एक जादा रोझरी, म्हणजे जपमाळ, करते. आता तोंड उघडलं तर माझ्या व्रतांचं काय? मनातल्या मनात अपमान सोसणं हीसुद्धा नम्रताच ना? शिवाय मदर विचारतात, “कन्फेशनला एवढा वेळ काय सांगत होतीस?” तेही सांगावं लागेल का?
– एक सिस्टर

उत्तर: प्रिय सिस्टर, शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेते. नाही, सांगावं लागणार नाही. १९८३ च्या कॅनन लॉचं, म्हणजे आपल्या चर्चच्या कायद्याचं, ६३० वं कलम बघ. वरिष्ठांनी आपल्या माणसांना मन उघडं करायला कुठल्याही प्रकारे भाग पाडायचं नाही. कुणी आपणहून, विश्वासाने सांगितलं तर गोष्ट वेगळी. मदरनी सहजही विचारलं असेल. आम्हा म्हाताऱ्यांना चौकशीची खोड असते. “मदर, ते फादरांजवळच राहू दे” एवढं म्हण आणि हसून म्हण.

पण तेलाचं बिल हे काही कन्फेशनमधलं गुपित नाही. तुझ्या रोझरीबद्दल मला जरा शंका आहे, रागावू नकोस.

तरुणपणी मी डहाणूकडच्या पाड्यांवर डिस्पेन्सरीत होते. एका रात्री लसींच्या फ्रीजचं दार माझ्याकडून नीट लागलं नाही. सकाळी सगळ्या लसी कोमट. मी म्हटलं, “रात्री लाइट गेली होती.” तिकडे लाइट जायचीच, कोण कशाला विचारतंय! पण जनरेटर का लावला नाहीस म्हणून वॉचमनला बोलणी बसली. पुढचे तीन आठवडे चॅपेलमध्ये सगळ्यांत मागच्या बाकाजवळ, सगळ्यांत जास्त वेळ गुडघ्यांवर कोण? मी. बाकीच्या सिस्टर म्हणायच्या, काय भक्ती आहे हिची! शेवटी त्याला बरोबर घेऊनच मदरकडे गेले आणि सांगून टाकलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, “मला ठाऊक होतं, सिस्टर. माझा पंखा रात्रभर चालू होता.”

तीन आठवडे तो माणूस मला रोज ‘गुड मॉर्निंग’ म्हणत होता.

संत बेनेडिक्टच्या मठासाठीच्या नियमावलीतला सातवा अध्याय आपल्याला नोव्हिशिएटमध्ये, व्रतांआधीच्या शिक्षणात, शिकवतात, नम्रतेच्या बारा पायऱ्या. शेहेचाळिसाव्यापर्यंत फारसं कुणी पोचत नाही. तो स्वयंपाकघराचा, कोठाराचा, बागेचा आहे. काम करताना कुणाकडून काही मोडलं, हरवलं, तर त्याने लगेच मठाधिपतींसमोर आणि सगळ्या बंधूंसमोर येऊन स्वतः सांगावं. दुसऱ्याकडून कळलं तर शिक्षा मोठी. त्याच अध्यायाच्या शेवटी म्हटलंय, की आत्म्याची लपलेली जखम मात्र मठाधिपतींना किंवा आध्यात्मिक वडीलधाऱ्यांनाच दाखवावी. ते ती चव्हाट्यावर न मांडता बरी करतील. सहाव्या शतकातल्या त्या माणसाला बिल कुठे दाखवायचं आणि जखम कुठे, हे पक्कं ठाऊक होतं. तू जखम योग्य ठिकाणी दाखवलीस. बिल अजून पुस्तकातच आहे.

फादरांनी क्षमा दिली म्हणून मावशींचं नाव धुऊन निघत नाही. बायबलमधला जकातदार जक्कय येशूच्या हाकेला झाडावरून उतरला तो आकडे बोलत: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याला लुबाडलं त्याला चौपट. आणि अपमान तू कुठे सोसते आहेस? तो मावशी सोसताहेत, त्या मुलींसमोर, रोज, हातात झाडू घेऊन.

व्रतं पुढे ढकलतील का? ढकलतीलही. मी खोटा धीर देणार नाही. विसरभोळी सिस्टर कायमची व्रतं घेऊ शकते, मी घेतली आहेत.

मदरनी शहानिशा न करता मावशींना हलवलं, तो हिशेब त्यांचा. तो तू मांडू नकोस, निदान त्या दिवशी तरी नको. महिनाअखेरीस वही दुसऱ्या कुणी तपासून सही करावी, एवढं मात्र सुचव. एकटीच्या हाती वही देणं त्या वही धरणारीवरही अन्यायच.

मावशींशी बोलताना “बिल सापडलं” असं म्हणू नकोस. “माझ्याकडून नोंद राहिली आणि मी महिना गप्प बसले” असं म्हण. त्यांना किचन परत मिळावं, तेही त्याच मुलींसमोर. आणि झाडलोटीला त्यांना पगार कमी मिळत असेल, तर फरक किती होतो ते आधी कागदावर काढ आणि मग मदरचं दार ठोठाव.