पदवी आली, नोंदणीचं काय?

वाचकांचे प्रश्न | दवाखाना, डॉक्टर आणि कागदपत्रं

या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. काही प्रश्न तेच ते असल्याने एकत्र केले आहेत. चोपड्याच्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण तशी पत्रं सर्वांत जास्त होती.

मुलगी २०२२ मध्ये किर्गिझस्तानला एमबीबीएसला गेली. एजंट म्हणतो, तिकडची इंटर्नशिप इथेच एखाद्या खासगी रुग्णालयात करू द्या, सर्टिफिकेट तिकडच्या कॉलेजचं आणून देतो. तेवढाच वर्षभराचा खर्च वाचेल. करावं का? आणि ती परत आल्यावर पुढे काय काय करावं लागतं? — एक पालक, चोपडा

करू नका. वर्षाचा खर्च वाचवायला जाल आणि पाच वर्षांची फी पाण्यात जाईल.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी पदवीधरांसाठी नवे नियम लागू केले. तुमची मुलगी त्यानंतर गेली, म्हणजे तिला ते पूर्ण लागू आहेत. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याशिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत झालेली हवी. त्या देशात तिथल्या नागरिकाला डॉक्टरकीचा जो परवाना मिळतो, तोच तिलाही मिळण्यासारखा हवा. शिवाय शिक्षणाचा किंवा इंटर्नशिपचा कुठलाही भाग भारतात किंवा तिसऱ्या देशात केलेला चालत नाही. एजंट सुचवतोय ते नेमकं या बंदीतच येतं. पासपोर्टवर येण्याजाण्याचे शिक्के असतात, हेही एजंट सांगत नाही.

कोर्स वर्षांत नव्हे, महिन्यांत मोजा. पाच वर्षं म्हणजे ६० महिने, तिथे अडचण नाही. फिलिपिन्सला मुलं पाठवणाऱ्यांना मात्र वैद्यकीय शिक्षणाआधीचा बीएस अभ्यासक्रम धरून आकडा फुगवून सांगतात. आयोग बीएस धरत नाही. मग उरतात चार वर्षं, म्हणजे ४८ महिने. सहा महिने कमी पडतात आणि ते नंतर कुठून भरून काढता येत नाहीत. मध्येच विद्यापीठ बदलणाऱ्यांचीही अशीच गत होते, कारण सगळा कोर्स एकाच संस्थेत व्हायला हवा.

आता नावाचं पाहा. कागद तपासताना सर्वांत जास्त फायली इथेच अडकलेल्या दिसतात. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर नाव आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. तिकडचं विद्यापीठ डिप्लोमा आधी रशियनमध्ये छापतं, मग त्यावरून इंग्रजी करतं. त्यात वडिलांचं नाव गळतं किंवा ‘भाऊसाहेब’चं काहीतरी भलतंच होतं. इथे आल्यावर प्रतिज्ञापत्र करून काम भागेल असं गृहीत धरू नका. डिप्लोमा हातात पडला त्याच दिवशी तो पासपोर्टशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहायला मुलीला सांगा. दुरुस्ती तिकडेच करून घ्यायची आणि मगच भारतीय दूतावासाचं प्रमाणीकरण किंवा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशातही चालणारा शिक्का. क्रम उलटा झाला तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

परत आल्यावरची पहिली पायरी एफएमजीई, म्हणजे परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीची चाळणी परीक्षा. ती जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा होते. ३०० प्रश्न, दीडशे-दीडशेच्या दोन भागांत, प्रत्येक भागाला अडीच तास. १५० गुण मिळाले की उत्तीर्ण. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नये. तरीही बहुतेक सत्रांत चार-पाचांत एखादाच पार होतो, म्हणून तयारी तिसऱ्या वर्षापासूनच हवी. पुढे नेक्स्ट, म्हणजे इथल्या आणि परदेशी पदवीधरांसाठीची सामायिक परीक्षा, लागू झाली की ती हिची जागा घेईल.

उत्तीर्ण झाल्यावर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तात्पुरती नोंदणी. ती हातात आल्याशिवाय इंटर्नशिप सुरू करायची नाही, आधी केलेले दिवस मोजत नाहीत. मग भारतात पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप. हो, तिकडची वेगळी आणि इथली वेगळी. ‘एक तर झाली ना?’ हा प्रश्न चार पत्रांत आहे, म्हणून ठळक सांगतो. परदेशी पदवीधरांना कॉलेजच्या मंजूर जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंत घेता येतं, म्हणजे १५० जागांच्या कॉलेजात ११ जण. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी महाविद्यालय आहे, पण घराजवळच जागा मिळेल या भरवशावर राहू नका. आयोगाच्या मार्च २०२२ च्या परिपत्रकानुसार या इंटर्नशिपसाठी कॉलेजने फी घ्यायची नाही आणि विद्यावेतन इतर इंटर्नइतकंच द्यायचं. फी मागितली तर लेखी मागा. बहुतेक ठिकाणी मागणी तिथेच थंडावते.

कायम नोंदणी त्यानंतर. तोपर्यंत गावात पाटी लावून बसणं हा गुन्हा आहे. आयोगाच्या कायद्यात त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि मुदत लक्षात ठेवा: कोर्सला प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांत हे सगळं संपायला हवं. तुमच्या मुलीसाठी २०३२.

मी सुरतला जीएनएम (नर्सिंगची पदविका) केलं, नोंदणी गुजरात नर्सिंग कौन्सिलची आहे. सासर नवापूर. आता नंदुरबार किंवा धुळ्यात नोकरी हवी आहे. परत परीक्षा द्यावी लागेल का? — एक परिचारिका, नवापूर

परीक्षा नाही, ताई. नोंदणी बदलून घ्यायची आहे. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, पण कौन्सिलचं रजिस्टर फलाटासारखं सलग नाही. ज्या राज्यात काम, त्या राज्याची नोंदणी.

आधी गुजरात कौन्सिलकडे ना-हरकत आणि पडताळणीसाठी अर्ज करा. पडताळणीचा कागद एका कौन्सिलकडून दुसऱ्या कौन्सिलला परस्पर जातो. तुम्ही स्वतः नेऊन दिलेली प्रत धरली जाईल असं समजू नका. मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे अर्ज, सोबत तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, डिप्लोमा, मूळ नोंदणी प्रमाणपत्र, विवाह प्रमाणपत्र. नाव बदललं असेल तर राजपत्रही. जीएनएमची नोंदणी परिचारिका आणि प्रसाविका अशी दुहेरी असते. दोन्हींची बदली मागा. घाईत एकच मागितली तर पुढे प्रसूतिगृहाच्या जागेवर अडचण येते.

तुमच्या शाळेला तुमच्या प्रवेशाच्या वर्षी मान्यता होती का, हेही तपासा. आज मान्यता आहे म्हणून तेव्हा होती असं नाही, काही शाळांची मधली एक-दोन वर्षं रिकामी असतात. एनआरटीएस या परिचारिकांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीतला तुमचा राष्ट्रीय क्रमांक, म्हणजे एनयूआयडी, तोच राहतो. तो काढला नसेल तर आधी काढा. आणि सुरतची नोकरी नवं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत सोडू नका.

सरकारी भरतीत अधिवासाचा दाखला मागतात, नोंदणीशी त्याचा संबंध नाही. दोन वेगळ्या रांगा आहेत.

तिन्ही जिल्ह्यांत सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तरी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर टिकत नाही. वर विचारलं तर ‘पद भरलेलं आहे’ म्हणतात. — धडगाव तालुक्यातील वाचक

‘भरलेलं’ हाच शब्द पकडा. मनुष्यबळाच्या तक्त्यात आकडे तीन असतात: मंजूर, भरलेली, आणि प्रत्यक्ष हजर. पहिले दोन सगळे सांगतात. तिसरा विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. पगार तुमच्या केंद्रावरून निघतो आणि डॉक्टर प्रतिनियुक्तीवर जिल्ह्याच्या ठिकाणी काम करतो, असं सर्रास असतं. कागदावर पद भरलेलंच दिसतं.

माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर, दारिद्र्यरेषेखाली असाल तर तेही दहा रुपये नाहीत. अर्ज योग्य दारात जायला हवा. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे असतं, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. चुकीच्या दारात गेला तर अर्ज पुढे पाठवण्यात दिवस जातात. ‘डॉक्टर का नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. विचारा: अमुक केंद्रातील प्रत्येक पदाचं नाव, मंजूर संख्या, भरलेली संख्या, प्रतिनियुक्तीवर असलेल्यांच्या आदेशाची प्रत, आणि गेल्या सहा महिन्यांच्या हजेरीपटाची प्रत.

निकषही हाताशी ठेवा. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात २०,००० मागे. उपकेंद्राला ५,००० आणि ३,०००. जनगणना मात्र २०११ ची धरतात, तिथेच तुमचे काही पाडे हिशेबातून गळतात.

टिकत का नाही? सरकारी कॉलेजातून निघालेल्या एमबीबीएसला एक वर्षाची बंधपत्रित सेवा असते, नाही केली तर दहा लाख रुपये. ते वर्ष तो इकडे काढतो आणि पीजी प्रवेशाचा अभ्यास करतो. कायम सेवेतल्यांना दुर्गम भागातल्या दर वर्षामागे पीजी प्रवेशात मिळालेल्या गुणांच्या दहा टक्क्यांपर्यंत वाढ मिळू शकते, जास्तीत जास्त तीस टक्के. म्हणजे तिसरं वर्ष संपलं की जाण्याचं कारण शासनानेच हातात दिलेलं असतं. माणूस आणण्यासाठी योजना चांगली आहे, ठेवण्यासाठी ती केलेलीच नाही. त्यात राहायला घर नाही, आणि पावरी-भिलोरी न समजणारा लातूरचा मुलगा आशाताईच्या तोंडून रुग्णाचं दुखणं ऐकतो. सरदार सरोवराच्या फुगवट्यातल्या गावांसाठीच्या तरंगत्या दवाखान्याची गोष्टही तीच: बोट बांधता येते, तिच्यात बसणारा माणूस दरवर्षी नव्याने शोधावा लागतो.

पाटीवर ‘एमडी (एएम)’ लिहिलंय. हे डॉक्टर खरे की बोगस? — पारोळा

‘एएम’ म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. या पदवीवर वैद्यक परिषदेत नोंदणी होत नाही. इलेक्ट्रोहोमिओपॅथीचंही तेच. पदवी वाचत बसू नका, नोंदणी क्रमांक पाहा. एमबीबीएसचा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधता येतो. अलीकडच्या नोंदणीत आधी वर्ष, मग महिना, मग अनुक्रमांक असतो. बीएएमएसची, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीची, नोंदणी महाराष्ट्र भारतीय चिकित्सा परिषदेकडे, बीएचएमएसची होमिओपॅथी परिषदेकडे. वैद्यक परिषदेच्या यादीत नाव नाही म्हणून बीएएमएसला बोगस ठरवू नका, ही चूक गावागावांत होते.

शंका असेल तर लेखी तक्रार तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्या. सोबत चिठ्ठी, बिल आणि पाटीचा फोटो जोडा. नुसत्या तोंडी तक्रारीवर पथक येईपर्यंत पाटी उतरलेली असते.

मुलाचं डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) झालं आहे. शहाद्यात स्वतःची लॅब टाकून रिपोर्टवर सही करता येईल का? — शहादा

नाही. नमुना घेणं, मशीन चालवणं, तंत्रज्ञ म्हणून नाव लिहिणं हे त्याचं काम. पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच रिपोर्टवर सही करावी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. आधीच सह्या करून ठेवलेले कोरे कागद वापरण्याची पद्धत दिसते. तपासणीत अडकतात ते दोघंही, सही करणारा आणि छापणारा. लॅब टाकायचीच असेल तर आधी पॅथॉलॉजिस्ट ठरवा, ते रोज किती वाजता येणार ते करारात लिहा, मगच मशीनचं कर्ज काढा. आणि मुलाची पॅरामेडिकल कौन्सिलची नोंदणी झाली आहे का, तेही विचारून घ्या.