लिस्बनला चाललाय? अंतर नको, चढ बघा

प्रश्न: जूनमध्ये आईला घेऊन पाच दिवस लिस्बनला चाललेय. आई ७१ ची, गुडघे दुखतात, पण वास्को द गामाची कबर आणि जुना किल्ला बघायचाच म्हणते. मॅपवर सगळं जवळजवळ दिसतंय, चालतच फिरलो तर जमेल ना? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: नाही ताई, आईंना घेऊन तरी नको. मॅपवर अंतर कळतं, चढ कळत नाही. पणजीत चर्चकडून आल्तिनोची टेकडी किती जवळ, पण वर पोचेपर्यंत धाप लागते ना, अख्खं लिस्बन तसलं आहे. सपाट भाग म्हणजे मधला बायशा, १७५५ च्या भूकंपानंतर नव्याने सरळ रस्ते आखून बांधलेला, रूम तिथेच घ्या.

किल्ल्यासाठी रुआ दुश फांकेरुश रस्त्यावर एका इमारतीत फुकट लिफ्ट आहे, पुढे अजून एक, पण त्यानंतरही चढ उरतोच, म्हणून आईंसाठी फिगेरा चौकातून ७३७ नंबरची बस बरी. आणि येताना पण बसनेच या हं, दुखऱ्या गुडघ्याला उतरणं चढण्यापेक्षा जास्त भारी पडतं, हे लोक विसरतात आणि दुसऱ्या दिवशी रूमवर बसून राहतात. शियादू या वरच्या भागात जायचं तर बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात खालून शिरा आणि सरकत्या जिन्यांनी थेट वर निघा.

२८ नंबरची ट्राम सगळ्यांनाच हवी असते, त्यामुळे गर्दी आणि पाकीटमार दोन्ही. सकाळी लवकर मार्तिं मोनिशला, म्हणजे सुरुवातीच्या स्टॉपवर चढा, तरच बसायला मिळेल. ग्लोरियाच्या फ्युनिक्युलरला (चढावर केबलने ओढली जाणारी गाडी) सप्टेंबर २०२५ मध्ये अपघात होऊन १६ माणसं गेली, तेव्हा तसल्या गाड्यांच्या भरवशावर प्लॅन करू नका.

वास्को द गामाची कबर बेलें भागात, जेरोनिमुश मठाच्या चर्चमध्ये. १५ नंबरची ट्राम नदीकाठाने सपाटच जाते, फक्त सोमवार टाळा, मठ बंद असतो.

बस-ट्राम-मेट्रोचं नवेगांत कार्ड दोघींचं वेगवेगळं लागतं, एकावर दोघी जाऊ शकत नाही. चपला रबरी सोलच्या घ्या, फुटपाथचे बारके चुनखडीचे दगड पायांनी घासून गुळगुळीत झालेत, पाऊस पडला की भयंकर घसरतात.

आणि एक संध्याकाळ काइश दु सुद्रेहून नदीपलीकडच्या कासीलयशची फेरीबोट पकडा, दहाएक मिनिटांची. आपल्या बेतीच्या फेरीसारखीच, रोज कामाला जाणारे लोक असतात, आईंना बसल्या जागी अख्खं शहर दिसेल.