वाचकांचे प्रश्न : पंख्यातून सुटणारी गोळी

प्रश्न : पहिल्या महायुद्धातील फोकर आइंडेकर हे जर्मन विमान फ्रेंच विमानाची नक्कल होते आणि पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडण्याची युक्ती अँथनी फोकर यांनी दोन दिवसांत शोधली, असे वाचले. यात तथ्य किती? (एक यंत्रकारागीर, उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : पहिल्या विधानात निम्मे तथ्य आहे, दुसरे मात्र मान्य करता येत नाही. आइंडेकर म्हणजे पंखांची एकच जोडी असलेले विमान. फोकर हे 1890 साली जावा बेटावर जन्मलेले डच गृहस्थ. त्यांचा कारखाना जर्मनीत श्वेरिन येथे होता. तेथे मार्टिन क्रॉइत्सर यांनी आखलेल्या एम.5 या विमानावरूनच आइंडेकर घडले आणि एम.5 ची ठेवण फ्रान्सच्या मोरान-सोल्निए विमानावरून घेतलेली होती, हे खरे. परंतु फ्रेंच विमानाचा सांगाडा लाकडी होता, तर फोकरच्या कारखान्याने तो पोलादी नळ्या वेल्डिंगने जोडून उभा केला. या फरकाचे मोल आपल्यासारख्या कारागिराला वेगळे सांगायला नको.

आता गोळीविषयी. 1 एप्रिल 1915 रोजी रोलाँ गारोस या फ्रेंच वैमानिकाने पात्यांवर पोलादी पाचरी बसवून समोरचे विमान पाडले. ज्या थोड्या गोळ्या पात्यावर आदळत, त्या पाचरीवरून बाजूला उडत. त्याच महिन्याच्या 18 तारखेला त्याला जर्मन हद्दीत उतरावे लागले आणि त्याचे विमान जर्मनांच्या हाती पडले. तशीच पाचर वापरणे जर्मनांना शक्य नव्हते, कारण त्यांच्या पोलादी वेष्टनाच्या गोळ्यांपुढे ती टिकत नसे. तेव्हा पाते आणि गोळी यांची गाठच पडू नये, अशी योजना हवी होती. ही कल्पना फ्रान्झ श्नायडर यांनी 1913 मध्येच पेटंटात मांडली होती आणि 1914 मध्ये रेमों सोल्निए यांनीही. फोकरच्या कारखान्यातील हाइनरिश ल्युब्बे आदी मंडळींनी तिला चालते यंत्र बनवले. दोन दिवसांची कथा फोकर यांनी पुढे स्वतःच सांगितलेली आहे.

यंत्राची रचना आपल्याला चटकन उमगेल. रोटरी इंजिनात सगळे सिलिंडर पंख्याबरोबरच फिरतात. त्या फेऱ्याशी जोडलेल्या कॅमचा, म्हणजे फिरत्या चकतीचा, उंचवटा एक दांडा ढकलतो आणि तो दांडा बंदुकीचा खटका दाबतो. डिझेल इंजिनात कॅम पुशरॉडला उचलतो, तसेच हे काम. पाते नळीसमोर असते त्या क्षणी खटका दबत नाही, एवढे टायमिंग साधले की झाले. ते बिघडले तर मात्र स्वतःचाच पंखा फुटे, आणि 1916 च्या मे महिन्यात माक्स इमेलमान या नामांकित जर्मन वैमानिकावर तो प्रसंग आलाही होता. 18 जून 1916 रोजी तो कोसळून मेला, तेव्हाही जर्मनांनी याच यंत्राला दोष दिला आणि ब्रिटिशांनी आपल्या गोळीला श्रेय दिले.

आमच्या मते विमान म्हणून आइंडेकर साधारणच होते. त्याच्या ई.1 या पहिल्या नमुन्याला 80 अश्वशक्तीचे इंजिन होते, पुढे ई.3 ला 100 आणि ई.4 ला 160 अश्वशक्तीचे मिळाले. वळण्यासाठी पंखांना हलती फळी नव्हती, तारांनी अख्खा पंखच पिळावा लागे, आणि ई.3 चा वेगही ताशी 140 किलोमीटरच्या आसपासच होता. तरीही 1915 च्या उत्तरार्धात समोरच्यांकडे या बंदुकीला उत्तर नव्हते. 1916 च्या सुरुवातीला ब्रिटिशांचे डी.एच.2 आणि फ्रान्सचे न्यूपोर 11 आघाडीवर आले, तेव्हा हे वर्चस्व संपले.

प्रश्न : आमचे पणजोबा मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात गेले होते. त्यांनी हे विमान पाहिले असेल का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत या गावी तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला वेढले होते. पणजोबा त्या वेढ्यात असतील, तर शक्यता मोठी आहे. 29 एप्रिल 1916 च्या शरणागतीपूर्वी तेथे 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीमुळे ब्रिटिश विमाने वरून अन्नाची पोती टाकत आणि तुर्कांच्या बाजूने उडणारी फोकर विमाने त्यांच्या आड येत. घरात जुने सैनिकी कागद असतील, तर पलटणीचा क्रमांक पाहावा. त्यावर बेळगावचे नाव नसले तरी निराश होऊ नये. मराठा पलटणींच्या प्रशिक्षणाचे केंद्र बेळगावात 1922 च्या फेररचनेनंतर स्थिरावले आणि त्याच वेळी 103 ही पहिली, 110 ही तिसरी आणि 117 ही पाचवी बटालियन झाली.