खापरपणजोबा कुळकायद्याच्या फायलीत शोधा

तुमचे खापरपणजोबा लांज्याकडचे, हाताशी फक्त नाव, कुलवृत्तांत नाही, मग घराणं आणि त्यांचं आयुष्य शोधायचं कसं, असं विचारलंय. कुलवृत्तांताचं सोडा. खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्यांचे वृत्तांत कोणी छापले नाहीत, आमचेही नाहीत. नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या बघा असं सगळे सांगतात. बघा, पण खोताला खंड घालून उरेल त्यात वर्ष काढणारा माणूस तीर्थाला गेला असेलच असं नाही.

मी या भानगडीत पडलो पालखीमुळे. आमचं गाव राजापूर तालुक्यातलं. शिमग्यात पालखी आमच्याकडे सगळ्यांच्या शेवटी का, असं वडिलांनी विचारलं, तर भावकीतले एक चुलते भर सहाणेवर, पालखी बसते तिथेच, म्हणाले, ‘‘तुमचा खापरपणजा घरजावई. उपरे तुम्ही.’’ वडील गप्प घरी आले. मला ते झोंबलं.

कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कुळं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणारे, मालक झाली, त्यानंतर जमिनीची किंमत ठरवायला त्या कायद्याच्या कलम 32ग च्या चौकश्या चालल्या. त्या फायलीत कुळाचा जबाब असतो. आमच्या आज्याचा होता, खाली अंगठा. जमीन कोणापासून कसतो, याच्या उत्तरात त्याने बाप, आजा, पणजा, तिघांची नावं ओळीने सांगितलेली. खरं सांगतो, रेकॉर्ड रूममध्ये मी ते पान दोनदा मोठ्याने वाचलं, कारकून वैतागला. मग त्याच सर्व्हे नंबरवरून मागे गेलो. फेरफारात, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर गेली त्या नोंदीत, वारस सापडले, आणि खोती गावांची जुनी बोटखतं, म्हणजे कोण कुठली जमीन कसतो त्याच्या वह्या, असतात त्यात खापरपणजाचा बापच कूळ म्हणून लागलेला. म्हणजे घरजावई यायच्या आधीच आम्ही तिथे. मोडी येत नसेल तर वाचणारा माणूस पैसे देऊन लावा, अंदाजाने वाचू नका.

मरणाचं साल हवं तर गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, गावची जन्ममृत्यूची वही. 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतली पानं मिळाली तर ‘ताप’ एवढंच कारण ओळीने लिहिलेलं दिसेल. शाळेचं जनरल रजिस्टर आज्यापर्यंत नेतं, त्यापुढे नाही. आणि पैसे घेऊन सूर्यवंशापर्यंत वंशावळ काढून देणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

नक्कल घ्या, फोटोवर भागवू नका. गावच्या बैठकीत शिक्क्याचा कागदच ऐकला जातो. निदान ऐकला जावा. मी नक्कल ठेवली तेव्हा चुलते म्हणाले, हा दुसराच कोणीतरी. मग पहिल्याचा कागद आणा म्हटलं. अजून आणतायत. तुमच्याही भावकीत असा एखादा असेलच, त्याच्याआधी तहसिलीत जा.

एक मात्र चुलत्यांच्या बाजूने सांगायला हवं. जुन्या कागदात आडनाव बहुतेक नसतं, ‘अमका बिन तमका’, म्हणजे तमक्याचा मुलगा अमका, एवढंच. एका वाडीत तेच नाव चौघांचं निघतं. म्हणून नाव, बापाचं नाव आणि सर्व्हे नंबर तिन्ही जुळल्याशिवाय आपला म्हणू नका. शिवाय पावसाने कुजलेले गठ्ठे आहेतच. आणि तुमचे खापरपणजोबा मुंबईला गिरणीत जाऊन तिथेच वारले असतील, तर गावच्या मृत्यूनोंदीत ते नसणार, ती नोंद मुंबई महापालिकेकडे शोधावी लागेल.